किल्लारी भूकंपानंतरच्या ‘संवाद सहायक’

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली, कारण जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छत, झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवली गेली, तर तुलनेने कमी हानी झालेल्या गावांत कुटुंबांनीच अनुदानातून घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. हे दुसरे काम गावकऱ्यांच्या सहभागाविना पुढे सरकणे शक्य नव्हते. म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’, म्हणजे शासन आणि कुटुंबे यांच्यातील दुवा, म्हणून नेमणूक झाली. मदतीच्या यादीत केवळ लाभार्थी किंवा विधवा म्हणून नोंदल्या जाणाऱ्या स्त्रिया अनुदानाचे हप्ते समजावून देऊ लागल्या, बांधकामावर देखरेख करू लागल्या, अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. आणि या कार्यक्रमाचे सर्वांत मोलाचे फलित घरांच्या संख्येपेक्षा हेच मानावे लागेल. २००१च्या कच्छमधील भूकंपानंतर याच भागातील स्त्रिया तिकडे जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगत होत्या.