जामखेडमधील बालमृत्यू : दोन आकडेमालांची तुलना आणि सरासरीच्या मर्यादा

प्रस्तावना

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळप्रवण भागात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्ती म्हणून घडविणे हा त्याचा गाभा होय. उभयतांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. या प्रकल्पाचे यश आकड्यांतून कसे तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन आकडेमाला

प्रकल्पाच्या नोंदींनुसार हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्युदर १९७१ मध्ये १७६ होता. १९७६ मध्ये तो ५२ वर आला. नमुना नोंदणी पद्धतीनुसार देशाचा दर या दोन्ही वर्षी १२९ होता. घट स्पष्ट दिसते. परंतु दोन्ही माला भिन्न रीतींनी जमविलेल्या आहेत. शिवाय एकच सरासरी गावागावांतील तफावत झाकते.

पेटी-आलेखाची उपयुक्तता

जॉन टुकी यांनी १९७७ च्या ग्रंथातून रूढ केलेला पेटी-आलेख (बॉक्सप्लॉट) मध्यक, दोन चतुर्थके व टोकाची मूल्ये एकत्र दाखवितो. दोन गटांच्या पेट्या शेजारी मांडल्यास मध्यकाबरोबरच विस्ताराचीही तुलना होते. मात्र वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात एका मृत्यूने दर २५ ने बदलतो. म्हणून टोकावरचे गाव दुर्लक्षित आहे की केवळ लहान आहे, हे ठरविण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात.

शेजारच्या गावांशी तुलना

जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रकल्पातील व प्रकल्पाबाहेरील गावांची तुलना केली. पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षांपर्यंतचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आढळला. पहिल्या महिन्यातील फरक मात्र स्पष्ट नव्हता. नवजात मृत्यूंचा हाच प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ सेवाप्राप्त व ४७ तुलनेच्या गावांच्या अभ्यासातून हाताळला (१९९९).

निष्कर्ष

१७६ वरून ५२ ही घट प्रकल्पाचे यश सुचविते. त्यातील प्रकल्पाचा वाटा ठरविण्यास तुलनेचा गट लागतो, आणि कोणते गाव, कोणत्या वयाचे मूल मागे राहिले हे कळण्यास विस्तार व वयोगट पाहावे लागतात. आरोग्यविषयक इतिहासलेखनात सरासरीबरोबर या दोहोंचीही नोंद होणे आवश्यक आहे.