१७ मार्च : काका बॅप्टिस्टा जयंती

मीरा-भाईंदरच्या चौक गावातील धारावी किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची आठवण देतो. पण शेजारच्या उत्तनचे नाव ज्यांच्या घराण्याशी जोडलेले आहे, त्या जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टांची आठवण इथे क्वचितच निघते. वडील उत्तनचे, जन्म मात्र माझगावच्या माथारपाखाडीत, १७ मार्च १८६४ रोजी. पुण्यात अभियांत्रिकी आणि केंब्रिजला उच्च शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे स्नेही एवढीच त्यांची ओळख सांगणे अन्यायाचे आहे. १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते काही मैत्रीखातर नव्हे.

होमरूल लीगने साम्राज्यातच राहून मागितलेले स्वराज्य मवाळ होते, असा आक्षेप घेतला जातो. मात्र १९२० मध्ये मुंबईत भरलेल्या आयटक या कामगार महासंघाच्या पहिल्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष तेच होते. राजकीय हक्कांची मागणी त्यांनी गिरणीकामगार आणि टपालवाल्यांच्या पोटापाण्याच्या प्रश्नांशी जोडली. ही दृष्टी त्या काळच्या कितीतरी जहाल पुढाऱ्यांकडेही नव्हती. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवर, भंडारवाडा जलाशयावरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. उत्तन-चौक परिसरातही त्यांचे यथोचित स्मारक व्हायला हवे.