मेणबत्तीचं कोडं आणि आपला मूड

“डॉक्टर, हल्ली डोकंच चालत नाही. एकच विचार फिरून फिरून येतो.” काळजीत किंवा नैराश्यात असलेले अनेक रुग्ण असं सांगतात. घरच्यांना तो आळस वाटतो, रुग्णाला स्वतःचा दोष वाटतो. मनःस्थिती आणि बुद्धी यांचं हे नातं शास्त्रज्ञांना कसं उलगडत गेलं, ते आज पाहू.

1908 साली अमेरिकेत यर्कीस आणि डॉडसन यांनी उंदरांना काळा व पांढरा रस्ता ओळखायला शिकवलं. चूक झाली की विजेचा सौम्य झटका. फरक ओळखणं सोपं असताना झटका जितका जोरदार, तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केल्यावर मात्र मध्यम झटक्याने शिकणं चांगलं झालं, जोरदार झटक्याने बिघडलं. म्हणजे धाक सोप्या कामाला चालतो, अवघड कामात तो आडवा येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना ओरडणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

पुढचा टप्पा जर्मनीतला. बर्लिनमधले मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांनी 1935 साली विचारप्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक कोडं पुढे जगभर वापरलं गेलं. त्याचं आजचं रूप असं : एक मेणबत्ती, काडेपेटी आणि ड्रॉइंग पिनांनी भरलेली पुठ्ठ्याची डबी. मेण खाली सांडणार नाही अशी मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर सोपं आहे. डबी रिकामी करा, पिनांनी भिंतीला टोचा आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करा. पण बहुतेकांना डबी ही फक्त ‘पिना ठेवायची वस्तू’ दिसते. समोरच्या वस्तूकडे दुसऱ्या नजरेने पाहता येणं, यालाच विचारांची लवचिकता म्हणतात.

1962 मध्ये सॅम ग्लक्सबर्ग यांनी हेच कोडं देताना काही जणांना लवकर सोडवल्यास पैसे मिळतील असं सांगितलं. त्यांना उलट जास्त वेळ लागला! मग 1987 मध्ये ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी कोडं देण्यापूर्वी काहींना विनोदी फिल्म दाखवली. हसलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी कोडं सोडवलं. साधी फिल्म पाहिलेल्यांपैकी पाचातल्या एखाद्यालाच ते जमलं. नुसत्या व्यायामाने किंवा उदास फिल्मने असा फायदा झाला नाही.

आम्ही डॉक्टरही यातून सुटलो नाही. आयसेन यांच्याच गटाने नव्वदच्या दशकात 44 डॉक्टरांना यकृताच्या आजाराची एक केस दिली. ज्यांना आधी चॉकलेट-गोळ्यांचं छोटं पाकीट भेट मिळालं होतं, त्यांना यकृताची शंका लवकर आली आणि ते पहिल्याच अंदाजाला कमी चिकटून राहिले.

असं का होतं? विचारांची दिशा बदलण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. तीव्र ताणात नॉरएड्रिनॅलिन आणि डोपामिन ही रसायनं तिथे गरजेपेक्षा जास्त होतात आणि तो भाग मंदावतो. मग मेंदू जुन्या सवयींवर चालतो. वाघ समोर असेल तर हे सोयीचं, पण कर्ज, घरातली भांडणं किंवा आजारपण यांच्यावर एकापेक्षा जास्त वाटा शोधाव्या लागतात. अर्थात, सतत आनंदी राहण्याची सक्ती नको. थोडी काळजी असली तर बारकाव्यांकडे लक्षही राहतं.

या इतिहासाला एक दुःखद किनार आहे. नाझी राजवटीत डुंकर यांची बर्लिनमधली नोकरी गेली. ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले. नैराश्याने ग्रासलेल्या डुंकर यांनी 1940 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, आयुष्य संपवलं. अडकलेल्या विचारातून माणूस कसा बाहेर पडतो, हे ज्यांनी अभ्यासलं त्यांचाही आजार केवळ बुद्धीच्या बळावर हटला नाही.

आत्महत्येचा अभ्यास करणारे एडविन श्नाइडमन यांनी अशा वेळच्या मनाचं वर्णन ‘आकुंचन’ असं केलं आहे. पर्याय असतात, पण त्या क्षणी ते दिसत नाहीत. म्हणून कुणी “आता काहीच मार्ग नाही” म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालू नका, उपदेशही नको. शेजारी बसा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन या. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे.

आणि स्वतःचं डोकं चालेनासं झालं, तर मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकला. पुरेशी झोप घ्या, विश्वासातल्या माणसाशी बोला. दोन आठवड्यांहून अधिक काळ असंच राहिलं, तर तपासून घ्या. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते लागू पडले की डबीकडे पुन्हा वेगळ्या नजरेने पाहता येतं.