इंटरनेटचा सातबारा आणि फेरफाराची वही

८ मे १९८९ या दिवशी भारताला ‘डॉट इन’ हे आडनाव मिळालं. आडनाव मिळालं म्हणजे कुणीतरी वही उघडून बसायला हवं: कुठल्या संस्थेनं कुठलं नाव घेतलं आणि त्या नावाची चौकशी कुठल्या मशिनकडे करायची. ही वही बरीच वर्षं आपल्या जुहूला होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या सरकारी संस्थेकडे. अंधेरी स्टेशनबाहेर जुहूच्या बससाठी रांगेत उभ्या असणाऱ्या किती जणांना तेव्हा कल्पना असेल की देशाच्या इंटरनेटची नावनोंदणी त्याच वाटेवर चालते! २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि थोड्याच दिवसांत वहीही तिथून हलली.

माझी पीएचडी असल्याच वह्यांवर आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रात केल्यामुळे घरी अजूनही प्रश्न पडतो की ही मुलगी नक्की करते तरी काय. तर इंटरनेटवर कोण कुठे राहतं याची नोंद कुणी ठेवली, कशानं ठेवली, आणि नोंद चुकली की कुणाच्या दारात काय येतं, हे मी शोधते. आजचा लेख या नोंदीच्या हत्यारांबद्दल आहे. विषय रुक्ष वाटेल, पण थोडं थांबा. यात एका माणसाच्या आयुष्यातले ५० दिवस अडकलेले आहेत.

आधी थोडी पायाभरणी. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशिनला एक आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, तो ३२ बिटांचा असतो आणि आपण तो चार आकड्यांत लिहितो. उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. (हा पत्ता कुणाचाच नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे बिनधास्त छापता येतात.) माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. नावावरून आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. म्हणजे सांभाळायच्या गोष्टी मुळात दोन, नावं आणि आकडे. सगळा गोंधळ या दोन वह्या वेगवेगळ्या हातांत राहिल्यामुळे सुरू होतो.

सुरुवातीला वही एकच होती. अमेरिकेच्या अर्पानेटवरच्या सगळ्या मशिनांची नावं आणि पत्ते होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाच्या एका फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवं मशिन जोडलं की त्यांना कळवायचं, मग ते फाइल सुधारणार आणि बाकीचे नवी प्रत उतरवून घेणार. मशिनं वाढली तशी ही पद्धत गुदमरू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. त्यातली मुख्य कल्पना अशी की एक मोठी वही ठेवायचीच नाही. प्रत्येकानं आपापल्या वाडीचं रजिस्टर ठेवावं आणि वरच्याला फक्त एवढंच माहीत असावं की अमुक वाडीचं रजिस्टर कुणाकडे आहे.

एनसीएसटीची वही ही अशीच एक वाडीची वही. एनसीएसटी तेव्हा अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कमधली एक संस्था होती. अर्नेटमध्ये पाच आयआयटी होत्या, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग होता. एनसीएसटीचे संस्थापक-संचालक श्रीनिवासन रमणी यांचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं, ते या कामामुळे. देशाबाहेर जाणारी वाट आरंभी सेकंदाला ९,६०० बिट एवढीच होती. आज व्हॉट्सअॅपवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटो त्या वाटेनं यायला काही मिनिटं लागली असती.

वहीचा आकारही त्या काळाला शोभेसा. १९९२ ते २००४ या काळात डॉट इनखाली जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. नियम कडक होते आणि कागदपत्रं लागायची. २००५ मध्ये निक्सी या संस्थेनं नोंदणी सर्वांसाठी खुली केली आणि २०१० येईतो आकडा सहा लाखांच्या वर गेला. म्हणजे आधी नावं कमी होती ती लोकांना नको होती म्हणून नव्हे. वही उघडणारा हात आखडता होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ही वही प्रत्यक्षात कशी दिसायची ते सांगते, कारण इतिहासाच्या पुस्तकांत हे येत नाही. ती एक साधी मजकुराची फाइल असते, तिला झोन फाइल म्हणतात. एका ओळीत नाव, नोंदीचा प्रकार आणि पत्ता. नावापासून पत्ता सांगणारी एक फाइल, पत्त्यापासून नाव सांगणारी दुसरी. माणूस हातानं दोन्ही लिहिणार. नाव पूर्ण लिहिलं पण शेवटचा टिंब राहिला, तर मूळ नावापुढे वाडीचं नाव पुन्हा एकदा चिकटतं आणि सगळं बिघडतं. फाइलीच्या डोक्यावर एक अनुक्रमांक असतो. बदल केला आणि तो आकडा वाढवला नाही, तर बाकीच्या सर्व्हरना वाटतं की नवीन काही नाही, आणि ते जुनीच प्रत वाटत बसतात. म्हणून एक रूढ पद्धत पडली: अनुक्रमांक तारखेवरूनच लिहायचा. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला कितवा बदल, असे दहा आकडे. १९९८०३१२०१ म्हणजे १२ मार्च १९९८ चा पहिला बदल.

मला या दहा आकड्यांचं फार अप्रूप आहे. अख्ख्या फाइलीत काळाचा माग लागतो तो एवढाच. आणि तोही शेवटच्या बदलाचा. त्याआधी तिथे काय होतं, कुणी खोडलं, का खोडलं, याचा पत्ताच नाही.

गावाकडे जमीन असेल तर ही अडचण तुम्हाला चटकन कळेल. सातबारा सांगतो की आज जमीन कुणाच्या नावावर आहे. ती त्याच्या नावावर कशी आली, हे फेरफाराच्या वहीत, गाव नमुना ६ मध्ये. हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक. भांडण कोर्टात गेलं की वकील आधी फेरफार मागतो. डीएनएस म्हणजे निव्वळ सातबारा. फेरफाराची वही त्याच्यासोबत आलीच नाही.

मग १९९०च्या दशकात ऑफिसांमध्ये जे व्हायचं तेच झालं. पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये, नावं झोन फाइलमध्ये, आणि तिसरी यादी डीएचसीपीकडे, म्हणजे मशिन सुरू होताच त्याला तात्पुरता पत्ता देणाऱ्या यंत्रणेकडे. तीन वह्या, तीन हात. ‘पत्ते_अंतिम_नवीन_२’ अशा नावाची एक्सेल फाइल ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

ब्राउझरमधून हे काम करायची सोय याच काळात आली. १९९७ मध्ये आलेल्या वेबमिननं झोन फाइलचं रूपांतर फॉर्ममध्ये केलं: चौकटी भरा, बटण दाबा, टिंब आणि अनुक्रमांक सॉफ्टवेअर बघून घेईल. पुढे पीएचपीआयपॅमसारखी साधनं आली, आणि २०१६ मध्ये डिजिटलओशन कंपनीनं स्वतःसाठी बनवलेलं नेटबॉक्स सर्वांसाठी खुलं केलं. वापरायला कसं असतं? पत्त्यांचा ब्लॉक एकदा नोंदवायचा, त्याचे तुकडे पाडायचे, हा तुकडा मुलुंडच्या ऑफिसला, तो बोरिवलीच्या. कुठला किती भरला ते पट्टीवर दिसतं. पुढचा रिकामा पत्ता सॉफ्टवेअरच सुचवतं. पीएचपीआयपॅम पॉवरडीएनएसला जोडलेलं असेल तर नावाची नोंदही तिथूनच करता येते, सरळही आणि उलटीही. एकाच पत्त्यावर दोन मशिनं बसवायला गेलात तर ते अडवतं.

लोक या साधनांचं कौतुक सोयीसाठी करतात. माझ्या मते खरी गोष्ट पानाच्या तळाशी असते, जिथे सहसा कुणी जात नाही: बदलांची यादी. कुणी, केव्हा, आधी काय होतं, आता काय आहे. फेरफाराची वही!

आता ते ५० दिवस. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. पोलिसांकडे आयपी पत्ता होता. तो त्या वेळी कुणाकडे होता, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं सांगितलं, आणि सांगितलं ते चुकीचं. निर्दोष माणूस ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला.

त्या प्रकरणात नेमकी कुठे गफलत झाली यात मी शिरत नाही. पण अशा चौकशीत काय काय जुळावं लागतं ते बघा. घरगुती ग्राहकाचा पत्ता बदलता असतो. सकाळी तो घाटकोपरच्या एका घरात, संध्याकाळी दुसऱ्याच घरात. म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘अमुक क्षणी कुणाचा?’ असं विचारावं लागतं. आणि क्षण कुणाच्या घड्याळातला? परदेशी सर्व्हर बहुधा जागतिक वेळ लिहितात, आपण साडेपाच तास पुढे. एवढ्या वेळात पत्ता तीन घरं फिरून येतो. मुंबईकरांना घड्याळांच्या भांडणाची सवय आहे म्हणा. देशभर प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ या शहरानं १९५५ पर्यंत जपला. पण त्यामुळे फार तर गाडी चुकायची.

२००७ नंतर गोष्ट सोपी झाली नाही, उलट आणखी एक रकाना वाढला. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागाकडचे आयपीव्ही४ पत्ते शेवटच्या साठ्यावर आले. हा साठा १०३ ने सुरू होणारा होता, आणि त्यातून प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळायचे, २०१९ पासून तर ५१२च. तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याची पुढे इंटरनेट कंपनी झाली असेल, तर तिचे पत्ते १०३ ने सुरू होत असण्याची शक्यता बरीच आहे. ग्राहक हजारोंनी आणि पत्ते हजार. मग एकच पत्ता अनेक घरांत वाटला जातो. कोण कुठलं हे ओळखायला पोर्ट क्रमांक वापरतात. प्रत्येक पत्त्यामागे ते ६५,५३६ असतात. एका घराला हजार पोर्ट दिले तर एका पत्त्यावर ६५ घरं बसतात. म्हणजे चार विंगांची एक सोसायटी. पत्ता आणि वेळ दोन्ही बरोबर असली तरी पोर्ट लिहिलेला नसेल, तर उत्तर ‘या ६५ घरांपैकी कुणीतरी’ एवढंच येणार. आयपीव्ही६ मध्ये ही टंचाईच नाही, पण सगळ्या साइट अजून तिकडे गेलेल्या नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेनं आदेश काढला की लॉग १८० दिवस ठेवा, आणि घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. लोकांच्या नोंदी इतके दिवस साठवाव्यात का, यावर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. मला स्वतःला १८० दिवस जास्त वाटतात. घड्याळाच्या कलमाबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही.

तुमच्या घरी काय चाललंय ते पाहायचं असेल तर राउटरच्या पानावर जाऊन ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या सदराखालचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता नक्की सामायिक आहे. वाटपासाठी एप्रिल २०१२ मध्ये हाच पट्टा राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात, अर्थ तोच. यापैकी काहीच नसेल तर तो आकडा बहुधा एकट्या तुमच्या घराचा आहे, निदान राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत.