डांबराची अमूर्त चित्रे

मराठीत ‘डांबर’ या एकाच शब्दाने दोन भिन्न पदार्थ ओळखले जातात. खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारे किंवा निसर्गात आयते सापडणारे ते बिटुमेन; दगडी कोळशाच्या ऊर्ध्वपातनातून निघणारे ते कोलतार. कपाटातली डांबरगोळी मुळात या दुसऱ्याचीच संतती. चित्रकारांनी दोन्ही हाताळले आणि दोन्हींचा मुख्य दोष सारखाच ठरला: ते खऱ्या अर्थाने वाळत नाहीत.

तैलरंगातील जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू परस्परांशी जोडले जातात आणि थर कायमचा कडक होतो. डांबराच्या बाबतीत असे घडत नाही. ते गार झाले की घट्ट होते, ऊब लागली की पुन्हा मऊ पडते. वैशाखातल्या रस्त्यावरून चालणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात भरलेले, डांबराच्याच कुळातले ‘पिच’ हातोडीने फुटण्याइतके ठिसूळ आहे, तरीही ते वाहते. १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड मोकळे केल्यापासून २०१४ पर्यंत त्यातून अवघे ९ थेंब पडले.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय चित्रकारांना बिटुमेनच्या पारदर्शक, उबदार तपकिरी छटेचा मोह पडला. जुन्या थोर चित्रांची प्रौढ झळाळी त्यामुळे आयती मिळते, असे वाटे. इंग्लंडमधील जोशुआ रेनॉल्ड्स आणि स्कॉटलंडचे डेव्हिड विल्की हे त्या मोहाचे ठळक बळी. बिटुमेन तेलात मिसळले की तेलाचेही वाळणे रोखते. खालचा थर ओला आणि वरचा वाळून आकसलेला, अशी ओढाताण सुरू होते व मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. व्यक्तिचित्रात भेग गालावरून जाते, सावलीतले तपशील काळवंडतात. ज्याचे चित्र काढले तोच हळूहळू नाहीसा होतो.

अमूर्त चित्रात बिघडण्यासाठी चेहराच नसतो. डांबराला तिथे दुसरा जन्म मिळाला, तो यामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये झाँ द्युब्युफे यांनी डांबर, वाळू व खडे यांचा जाड लगदा वापरला. मात्र त्यांच्या चित्रांत माणसाची आकृती टिकून होती. इटलीच्या अल्बेर्तो बुर्री यांनी आकृतीही सोडली. १९१५ मध्ये चित्ता दी कास्तेल्लो येथे जन्मलेले बुर्री पेशाने डॉक्टर. ट्युनिशियात पकडले गेल्यावर अमेरिकेतील टेक्सास राज्यात, हेरफर्डच्या युद्धकैदी छावणीत त्यांनी चित्रे काढायला घेतली आणि सुटकेनंतर वैद्यकीकडे पाठ फिरवली. १९४८ च्या सुमाराची त्यांची चित्रमालिका ‘कात्रामी’ या नावाने ओळखली जाते. ‘कात्रामे’ म्हणजे डांबर. हा इटालियन शब्द मूळ अरबी ‘कतरान’वरून आलेला. कॅनव्हासवर डांबर, तैलरंग व प्युमिस या सच्छिद्र दगडाची पूड यांचे थर देऊन त्यांनी काळ्याच्या आतले काळे शोधले: कुठे काचेसारखे चकचकीत, कुठे रखरखीत. ही चित्रे छायाचित्रात जवळजवळ मरतात. उजेडाच्या दिशेप्रमाणे बदलणारा पृष्ठभाग हेच त्यांचे सर्वस्व आहे. डॉक्टर म्हणून त्यांना युद्धातल्या जखमा दिसत राहिल्या, असा अर्थ समीक्षक वारंवार लावतात. स्वतः बुर्रींना असली स्पष्टीकरणे रुचत नसत, आणि चित्रांपुढे उभे राहिल्यावर त्यांची फारशी गरजही भासत नाही.

पुढे १९७० च्या दशकात त्यांनी ‘क्रेत्ती’ मालिका केली. तिच्यात डांबर नव्हते. पांढरी माती, रंगद्रव्ये व गोंद यांचा जाड थर मुद्दाम तडकू दिलेला होता. रेनॉल्ड्स यांच्या चित्रांचे ज्या भेगांनी नुकसान केले, तशा भेगा इथे चित्राचा विषय झाल्या.

संग्रहालयांची चिंता मात्र कायम आहे. जुने वॉर्निश काढण्यासाठी वापरली जाणारी अनेक द्रावणे डांबरही विरघळवतात. त्यामुळे साफसफाई करताना मूळ चित्रच पुसले जाण्याचा धोका असतो. भेग बुजवावी, तर ती चित्रकाराला हवी होती की नको, हे आधी ठरवावे लागते. खालचा थर अजून मऊ असेल, तर बुजवलेली भेग पुन्हा उघडते. म्हणून अशी चित्रे थंड, स्थिर तापमानात ठेवणे हाच मुख्य उपाय उरतो. नव्याने हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी कोलतार टाळावे. त्यात कर्करोगकारक द्रव्ये असतात. बिटुमेनचा थरही पातळ द्यावा, आणि तोही हवेशीर जागेत.