‘सांगत्ये ऐका’ : प्रेक्षकांविना तीन वर्षे

परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारे पिंगळी हे स्टेशन लहानसे आहे. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. मराठी चित्रपटाचा इतिहास कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांत घडला, असे आपण शिकतो आणि शिकवतो. त्या इतिहासात पिंगळीसारख्या गावांना, किंबहुना मराठवाड्यालाच, फारसे स्थान नाही. आपला प्रांत त्यात येतो तो बहुधा तिकीट काढून बसलेला प्रेक्षक म्हणून. या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो सुखद नाही. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात मराठवाड्यातील एक खेडे येते. एका नामवंत अभिनेत्रीच्या आयुष्यातील सुमारे तीन वर्षे त्या खेड्यातील एका वाड्यात बंद झाली. पुस्तकाची चर्चा करताना हा भाग सहसा ‘धक्कादायक प्रसंग’ म्हणून ओलांडला जातो. माझ्या मते संपूर्ण पुस्तकाचा अर्थ लावण्याची किल्ली याच भागात आहे.

आधी थोडा पूर्वेतिहास पाहू. हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घराण्याच्या मागच्या पिढ्यांत कलावंतिणींची परंपरा होती आणि तिचा उल्लेख त्या संकोच न करता करतात. घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे शाळा लवकर सुटली. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. या व्यवसायात येण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. घर चालवण्यासाठी मिळवते कोणीतरी हवे होते आणि ती जागा एका मुलीने भरून काढली. पुढे जगन्नाथ बंदरकर यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतर चित्रपट सोडून संसार करावा, ही त्यांची इच्छा पुस्तकात पुनःपुन्हा येते. मात्र नव्या घरालाही त्यांच्या मिळकतीची तितकीच गरज होती. माहेर आणि सासर यांतला फरक एवढाच, की पैसे घेणारे हात बदलले.

याच काळात त्यांची कारकीर्द चढत गेली. १९३९ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’ या हिंदी चित्रपटात त्या नायिका होत्या. १९४१ मध्ये प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये त्यांनी सखूची भूमिका केली. १९४७ मध्ये राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये जयराम शिलेदारांसमोर त्या बयेच्या भूमिकेत आल्या. या चित्रपटाने मराठी पडद्यावर तमाशापटाची वाट खुली केली. त्या वाटेवरचा कळस म्हणजे अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. सोशिक संतस्त्री आणि फडावरची धीट नाचणारी, ही दोन्ही टोके एकाच अभिनेत्रीने प्रेक्षकांना पटवून दिली, हे त्यांच्या अभिनयाचे खरे माप होय.

यातील सखूची कथा येथे मुद्दाम आठवावी लागेल. वारीला जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासरची माणसे खांबाला बांधून ठेवतात. मग विठ्ठल स्वतः तिचे रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो आणि सखू पंढरीला जाते. बंदिस्त स्त्रीच्या सुटकेचे हे आपल्या परंपरेतील सर्वांत लाडके आख्यान. पडद्यावर ती सुटका ज्यांनी साकार केली, त्यांच्यावरच पुढे तशी बंदी आली आणि तेथे मात्र कोणी देव आला नाही.

पतीशी झालेल्या भांडणानंतर हंसाबाई रागाच्या भरात एका ओळखीच्या पुरुषाबरोबर निघाल्या आणि मराठवाड्यातील त्याच्या खेड्यात पोहोचल्या. घर श्रीमंत होते आणि त्या घरात आधीपासूनच बायका होत्या. हंसाबाईंनी तेथे आणखी एक बाई होऊन राहायचे होते. बाहेर पडण्याला मज्जाव, गावाशी संबंध नाही, पडदा कडक. ज्या संसाराची त्यांना आयुष्यभर ओढ होती, तो त्यांना असा मिळाला. चुलीपाशी काम होते, अंगावर दागिने होते आणि दाराबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. शेवटी पतीपर्यंत निरोप गेला आणि ते पोलिसांची मदत घेऊन आले. त्यानंतरचा प्रसंग पुस्तकातील सर्वांत काळाकुट्ट आहे. सुटकेच्या कागदपत्रांसाठी ज्या मॅजिस्ट्रेटपुढे त्यांना जावे लागले, त्यानेच त्यांच्यावर बलात्कार केला. घर, पती, प्रियकर आणि कायदा यांपैकी कोणत्याही दारातून ही बाई मोकळी बाहेर पडू शकली नाही.

हा प्रसंग सांगताना हंसाबाईंचा स्वर कसा आहे, याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. त्या आक्रोश करत नाहीत. वाक्ये लहान आहेत, विशेषणे मोजकी आहेत. आपण मद्य पीत होतो, आपले पाऊल घसरले, हेही त्या याच स्वरात सांगतात. स्वतःचा बचाव करण्याची घाई नाही आणि दुसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आवेशही नाही. एखादी बाई जेवणे आटोपल्यावर माजघरात बसून दुसरीला सांगेल, तसे हे सांगणे आहे.

आणि ते अक्षरशः सांगणेच आहे. हे पुस्तक हंसाबाईंनी लिहिलेले नाही. त्यांनी ते पत्रकार अरुण साधू यांना सांगितले, त्यांनी शब्दबद्ध केले, ‘माणूस’ साप्ताहिकातून ते वाचकांसमोर आले आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढले. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारा लेखक येथे स्वतःला जवळजवळ पुसून टाकतो. तरीही प्रश्न उरतोच. यातली भाषा कोणाची? निवड कोणाची? कोणता प्रसंग कोठे थांबवायचा, हे कोणी ठरवले? शांता आपटे यांनी १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ लिहिले, तेव्हा चित्रपटधंद्याची चिकित्सा करणारी लेखिका त्या स्वतः होत्या. दुर्गा खोटे यांच्यापाशी उच्चशिक्षित घराची भाषा आणि प्रतिष्ठा होती. ‘मी, दुर्गा खोटे’ या नावातला ठामपणा तेथून येतो. हंसाबाईंपाशी यांतले काही नव्हते. त्यांच्यापाशी होता तो आवाज आणि समोरच्याला धरून ठेवण्याची, फडावर आणि कॅमेऱ्यापुढे कमावलेली ताकद. म्हणूनच पुस्तकाला चित्रपटाचे नाव दिले गेले, यात केवळ प्रसिद्धीचा हिशेब पाहणे मला अपुरे वाटते. ‘सांगत्ये’ हे बोलण्यातले, स्त्रीच्या तोंडचे रूप आहे आणि ‘ऐका’ ही समोर बसलेल्यांना घातलेली हाक आहे. त्या खेड्यातल्या वाड्यात ही हाक घालायला समोर कोणीच नव्हते. ज्या स्त्रीचे सगळे अस्तित्व पाहिले जाण्यावर आणि ऐकले जाण्यावर उभे होते, ती तीन वर्षे न पाहिलेली, न ऐकलेली राहिली. पुढे तिने केलेले हे कथन त्या तीन वर्षांच्या मौनाची भरपाई आहे.

१९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून ‘भूमिका’ काढला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. अमरीश पुरींनी उभा केलेला सौम्य बोलणारा, पण दार बंद ठेवणारा जमीनदार विसरता येत नाही. तरी पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचले, की एक गाळलेली जागा दिसते. ‘भूमिका’त वाडा आहे, अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नी आहे, पोलिसही आहेत; मॅजिस्ट्रेट नाही. त्यामुळे कथा एका स्त्रीच्या स्वातंत्र्यशोधाची होते, पुरुषांच्या निवडीतून तिला आलेल्या अनुभवाची होते. पुस्तकातील कथा त्याहून कठोर आहे. तेथे सुटका करणारी व्यवस्थाच सुटकेची किंमत वसूल करते. चित्रपटाची नायिका अखेरीस एकटेपण पत्करते. पुस्तकातल्या हंसाबाईंना पत्करण्याजोगे फारसे काही कोणी ठेवलेच नव्हते. वर्गात ‘भूमिका’ दाखवून ‘सांगत्ये ऐका’ शिकवल्याचे समाधान आपण मानतो, तेव्हा हा फरक हातातून निसटतो.

१९९३ मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो इंग्रजी संग्रह सिद्ध केला, त्याच्या दुसऱ्या खंडात या आत्मकथनातील उतारा घेतला गेला. नंतर संपूर्ण पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही झाले. जगाच्या अभ्यासक्रमात हंसाबाई गेल्या. आपल्याकडे मात्र अजूनही हे पुस्तक ‘नटीची कबुली’ म्हणून कुजबुजत वाचले जाते. पुस्तक आल्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही.

मराठवाड्यातल्या वाचकाने या पुस्तकाकडे परतताना आणखी एक गोष्ट करायला हवी. त्या वाड्यात हंसाबाईंच्या आधीपासून राहत असलेल्या बायका कोण होत्या? त्यांना नेण्यासाठी कोणी पोलीस आले नाहीत, त्यांचे बोलणे टिपून घ्यायला कोणी पत्रकार आला नाही. हंसाबाई तीन वर्षांनी निघून गेल्या. त्या तेथेच राहिल्या. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींचे आयुष्य त्याच पडद्याआड गेले आहे आणि त्या आयुष्याची एक ओझरती नोंद आपल्याला मिळते ती बाहेरून आलेल्या, बदनाम ठरवल्या गेलेल्या एका अभिनेत्रीच्या तोंडून. पिंगळीच्या शाळा-महाविद्यालयातली एखादी मुलगी हे पुस्तक वाचील, तेव्हा तिने ते एका सिनेनटीचे चरित्र म्हणून वाचावेच; पण तिने आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपाशी बसून तिचेही सांगणे ऐकावे, असे मला वाटते.