अणूंच्या घरची वाटणी

दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावर एक आंबा असतो. फळे कोणाची, असा प्रश्न निघाला की गावातली जाणती माणसे एकच तोड सांगतात : निम्मी याची, निम्मी त्याची. फांद्या थोरल्याच्या अंगाला अधिक झुकलेल्या असल्या, तरी वहीत वाटणी समसमानच लिहिली जाते. रसायनशास्त्रात ‘औपचारिक प्रभार’ नावाचा जो आकडा कॉलेजातल्या मुलांना काढावा लागतो, तो अशाच वाटणीचा आकडा आहे. मुले सूत्र पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या सूत्रामागे शंभर वर्षांचा वाद उभा आहे, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे बर्झेलियस यांनी सांगितले, की प्रत्येक संयुगाचा एक भाग धन असतो, दुसरा ऋण, आणि विजेच्या आकर्षणाने ते एकत्र राहतात. मिठाच्या बाबतीत हे छान पटते. पण हायड्रोजनचे दोन अगदी सारखे अणू एकमेकांना का धरून बसतात? त्यातला धन कोण आणि ऋण कोण? पुढे 1830 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे ड्यूमा यांनी ॲसेटिक आम्लातील ‘धन’ हायड्रोजनच्या जागी ‘ऋण’ क्लोरीन बसवून दाखवला. तरी पदार्थ आम्लच राहिला. बर्झेलियस यांच्या मताला तडा गेला. त्याच्या जागी काय आणायचे, हे मात्र कोणालाच उमगेना.

1897 मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला. त्यानंतर पाच वर्षांनी, 1902 मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या गिल्बर्ट न्यूटन लुईस या तरुण अध्यापकाने विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी कागदावर घनाकृती अणू काढले आणि त्यांच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. ते टिपण चौदा वर्षे तसेच राहिले. 1916 मध्ये बर्कले येथून त्यांनी निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात एक साधी पण धीट कल्पना मांडली : दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. हायड्रोजनच्या जोडप्याचे कोडे सुटले. तिथे कोणी कोणाचे काही घेतलेलेच नव्हते.

सामाईक म्हटले की हिशेब आला. 1921 मध्ये अमेरिकेचेच अर्व्हिंग लँगम्यूर यांनी प्रत्येक अणूच्या वाट्याला शिल्लक राहणाऱ्या प्रभाराची मांडणी केली. रीत सोपी आहे. अणू एकटा असताना त्याच्या बाहेरच्या कवचात जितके इलेक्ट्रॉन असतात, त्यांतून त्याच्या स्वतःच्या एकाकी जोड्यांतले सगळे आणि सामाईक इलेक्ट्रॉनांतले निम्मे वजा करायचे. अमोनियम आयनात नायट्रोजनचे मूळचे इलेक्ट्रॉन 5. चार बंधांत 8 सामाईक, त्यांतले निम्मे 4. पाचातून चार गेले, उरला +1. प्रत्येक हायड्रोजनचा हिशेब शून्य. बेरीज +1, म्हणजे आयनावरचा प्रभार नेमका जुळला.

या एवढ्याशा वजाबाकीने एक जुने भांडण मिटवले. त्याआधी अनेक रसायनशास्त्रज्ञ नवसागराचे सूत्र लिहिताना नायट्रोजनला पाच हात काढत. आता कळले, की हात चारच. पाचवा संबंध आहे तो धन अमोनियम आणि ऋण क्लोराइड यांच्यातील आकर्षणाचा. बर्झेलियस यांचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते, त्याची जागा तेवढी चुकली होती.

पण वहीतला आकडा म्हणजे झाडावरची फळे नव्हेत. कार्बन मोनॉक्साइड घ्या. दोन अणूंत तीन बंध, आणि प्रत्येकाकडे एकेक एकाकी जोडी. कार्बन : 4 वजा 5, म्हणजे −1. ऑक्सिजन : 6 वजा 5, म्हणजे +1. ऑक्सिडेशन अंक काढताना मात्र सामाईक इलेक्ट्रॉन सगळेच्या सगळे बलवान ऑक्सिजनच्या नावे लिहितात. तिथे कार्बन +2 आणि ऑक्सिजन −2 ठरतो. एकाच घराच्या दोन वह्या, आणि दोन उलट उत्तरे! प्रत्यक्ष मोजणीत या रेणूचा द्विध्रुव आघूर्ण जेमतेम 0.11 डिबाय भरतो, आणि ऋण टोक किंचित कार्बनकडे निघते. म्हणजे वाटणी जवळजवळ फिटलेली. दोन्ही वह्या उपयोगाच्या आहेत. मात्र वाटणी कोणत्या नियमाने केली, हे विसरता कामा नये.

श्रेयाच्या वाटणीला असा नियम नसतो. लँगम्यूर यांनी 1919 पासून हा सिद्धान्त व्याख्यानांतून गाजवला, आणि लोक त्याला दोघांच्या नावाने, कधी एकट्या लँगम्यूर यांच्याच नावाने ओळखू लागले. लुईस यांना ते बोचले. 1932 चे नोबेल पारितोषिक लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनासाठी मिळाले. लुईस यांची शिफारस पुन्हा पुन्हा होऊनही त्यांना ते कधीच मिळाले नाही. 1946 मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेतच त्यांनी देह ठेवला.

आज जगातला कोणताही विद्यार्थी, कोणत्याही भाषेत शिकत असला, तरी रेणू काढताना लुईस यांनीच घालून दिलेले ठिपके मांडतो. बांधावरचा आंबा कोणी लावला, हे फळ खाणाऱ्याने एकदा तरी विचारावे.